हिरव्या अक्षरांचे मामा

आमच्या मामेसासऱ्यांना जगातली एकही प्रोग्रॅमिंगची भाषा धड येत नाही, आणि जगातल्या कुठल्याही प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं काम त्यांच्यापुढं टाकलं तर ते त्याचं अनुक्रमणिकेसकट पुस्तक करून देतात. ही दोन्ही विधानं खरी आहेत. मी बारा वर्षं या धंद्यात आहे, मला पाच भाषा येतात, आणि मला माझ्याच कामाचं पुस्तक कधी करता आलं नाही. मामांना याचं कारण विचारलं तर ते म्हणतात, "तुम्हाला भाषा येते ना, तीच अडचण हाय. भाषा आली की माणूस अर्थाच्या नादी लागतो आन् चुकतो."

हे तत्त्वज्ञान त्यांनी केडगावच्या एका छापखान्यात कमावलं. उमेदीची सगळी वर्षं ते तिथं खिळे जुळवायला होते. शिशाचं एकेक उलटं अक्षर खणातून उचलायचं, ओळीत बसवायचं, ओळ झाली की पुढची. मराठी-इंग्रजी तर होतंच, पण त्या छापखान्यात कानडी, गुजराती, तेलुगू असं कुठूनकुठून काम यायचं, आणि त्यातलं एक अक्षर न कळता मामा ते बिनचूक जुळवायचे. "कानडीत माझी एक चूक दाखवा," असं त्यांचं उघड आव्हान होतं. ते कुणी स्वीकारलं नाही, कारण केडगावात कानडी येणारा त्या वेळी एकच माणूस होता, तो रेल्वेत गँगमन होता आणि त्याला वाचता येत नव्हतं. मराठीत मात्र मामांच्या हातून चुका होत. वाचता वाचता ते मजकुरात रमायचे. एकदा छापायला आलेल्या उपदेशाचा शेवट त्यांना मिळमिळीत वाटला म्हणून त्यांनी जुळवता जुळवताच तो सुधारला. पाळकसाहेबांनी रविवारी चर्चमध्ये तो तसाच वाचला आणि उपासना संपल्यावर चार लोकांनी त्यांचा हात हातात घेतला. छापलेल्या अक्षरावर मामांचा विश्वास बसला तो तेव्हापासून.

माझी आणि त्यांची पहिली ओळख माझ्याच लग्नपत्रिकेवर झाली. सासऱ्यांनी पत्रिका सगळीकडं वाटून झाल्यावर केडगावहून एक पत्रिका परत आली. तिच्यावर लाल शाईनं सतरा खुणा होत्या आणि खाली शेरा होता, 'वराचे नाव बरोबर आहे. बाकी भेटीत.' भेटीत त्यांनी मला आशीर्वादाच्या आधी 'सहकुटुंब' शब्दाची फोड सांगितली. हॉटेलात गेले तर ते पदार्थ मागवायच्या आधी पाटी सुधारतात. चौफुल्यावरच्या एका हॉटेलमालकानं त्यांना 'मामा, तुम्ही फकस्त च्या घ्या, पाटीचं ऱ्हाऊ द्या' असं हात जोडून सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घराची सूची केली. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आली. एवढ्यावर थांबते तर बरं होतं, पण मामांच्या मते नुसतं नाव पुरत नाही, एका नावापासून दुसऱ्या नावाकडं जाता आलं पाहिजे. म्हणून हळदीच्या डब्यावर 'पाहा : मोहरी', मोहरीच्या डब्यावर 'पाहा : फोडणी', आणि फोडणी हा काही डबा नसल्यामुळं भिंतीवर एक स्वतंत्र कागद. मामी मला म्हणाल्या, "जावईबापू, आधी मला आंधारात बी मीठ घावायचं. आता चष्मा लावून बी घावत न्हाई." तरी त्यांनी चिठ्ठ्या काढल्या नाहीत. एकेक अक्षर छापल्यासारखं होतं.

अशा माणसाच्या घरी एका नाताळात मी लॅपटॉप उघडून बसलो, ही चूक माझी. शिरूरला एसटी स्टँडजवळ दुकानांच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. दूध डेअऱ्यांसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहितो. गवळी सकाळी संकलन केंद्रावर दूध घालतो, यंत्र ते मोजतं, फॅट बघतं आणि चिठ्ठी देतं, त्या सगळ्याच्या मागं आमचं काम असतं. सुट्टीतच काहीतरी बिघडलं होतं आणि मी ते बघत होतो. मामा करंजी घेऊन मागं उभे राहिले. मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"सगळं पांढरं हाय. ह्या वळी हिरव्या का?"

"त्या टिपा आहेत मामा. यंत्र त्या वाचत नाही. पुढच्या माणसाला कळावं म्हणून लिहायच्या असतात."

"म्हंजी बाकी सगळं यंत्रासाठी, आन् एवढंच आपल्यासाठी?"

"तसं म्हणा."

मामांनी करंजी ताटात परत ठेवली. "खाली घ्या बरं," म्हणाले. पुढचे दोन तास मी लॅपटॉपचं पान खाली घेत राहिलो आणि मामा फक्त हिरव्या ओळी वाचत राहिले. त्यात 'इथे काहीतरी चुकते, नंतर बघू' अशी एक होती. 'हे का चालते ते माहीत नाही, हात लावू नये' अशी एक होती. एका ठिकाणी कुणीतरी नुसतं 'देवा' एवढंच लिहिलं होतं. मामांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं वयामुळं असेल. ते म्हणाले, "एवढी माणसं बोलतायत इथं आन् तुम्ही ह्याचं पुस्तक केलं न्हाई?"

मी त्यांना सांगितलं की असं पुस्तक करणारी साधनं असतात, पण आमच्या एका प्रोग्रॅममध्ये चार भाषा आहेत, आठ माणसांनी तो आठ वेळा लिहिलाय, त्यातली सहा सोडून गेलीत, सातवे आमचे साहेब, आणि आठवा मी. बहुतेक साधनांना भाषा समजावी लागते. मामांनी मला मध्येच थांबवलं. "भाषा कशाला समजाया पायजे? टीप कुठं सुरू व्हती आन् कुठं संपती, एवढं सांगा."

मी सांगितलं. एका भाषेत टीप दोन तिरप्या रेघांनी सुरू होते, एका भाषेत जाळीसारख्या चौकोनी खुणेनं, एका जुन्या भाषेत नुसत्या अवतरणचिन्हानं. मामांनी कॅलेंडरच्या मागं चार ओळी लिहून घेतल्या आणि म्हणाले, "झालं की मग." आणि खरोखर, तिथंच ते झालं होतं. बाकी होती ती फक्त मेहनत, आणि ती मामांच्या खणात पडूनच होती.

पुढं दीड वर्ष दर शनिवारी मामा केडगावहून न्हावऱ्याच्या रस्त्यानं मिळेल त्या एसटीनं आमच्या घरी येत. मला शिकवायला लावून त्यांनी एक भाषा मोडकीतोडकी शिकून घेतली आणि दोन बोटांनी एक प्रोग्रॅम लिहिला. त्याला ते 'जुळणी' म्हणतात. मला या धंद्यात अर्धविरामानं असंख्य वेळा दगा दिलाय, मामांनी एकदाही विरामचिन्ह गाळलं नाही. त्यांचा प्रोग्रॅम चालायचा नाही, पण त्यातलं शुद्धलेखन चोख असायचं. मग एका शनिवारी तो चालला. कुठल्याही भाषेतली फाईल द्या, जुळणी तिच्यातल्या टिपा वेचून काढी, प्रत्येक भागाला स्वतंत्र पान देई, वर मथळा, बाजूला अनुक्रमणिका, आणि मजकुरात दुसऱ्या भागाचं नाव आलं की त्यावर बोट दाबल्याबरोबर ते पान समोर. मामांनी आमच्या बैठकीतल्या खुर्चीत बसून तासभर या पानावरून त्या पानावर नुसत्या फेऱ्या मारल्या. बायको चहा घेऊन आली तेव्हा तिला म्हणाले, "बाळे, छापखान्यात एक पान बदलाया दोन दिस लागायचं."

हे सगळं आमच्या घरातच राहिलं असतं, पण त्याच पावसाळ्यात ऑफिसवर संकट आलं. आमची सगळ्यात मोठी डेअरी नवी यंत्रं घेत होती. जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रांवर दोन महिन्यांत न्या, नाहीतर आम्ही पुण्याची कंपनी बघतो, असा त्यांचा निरोप होता. आमचे साहेब दिलदार माणूस, पण त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं की ही डेअरी गेली तर शिरूरचं ऑफिस ठेवणं जमणार नाही. आठ जणांनी लिहिलेल्या त्या प्रोग्रॅममध्ये काय काय आहे हे मला विचारलं, तेव्हा मी खाली बघितलं. मग धीर करून मामांचं नाव सांगितलं.

"तुझे मामेसासरे? कंपोझिटर? वय काय त्यांचं?" साहेबांनी विचारलं.

"बाहत्तर."

साहेब खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "बोलव. आता काय राहिलंय."

मामा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून आणि खिशाला लाल, निळं अशी दोन पेनं लावून. जुळणीनं पाच मिनिटांत चारशे पानं काढली. त्यातल्या तीनशेंवर मथळ्याखाली काहीच नव्हतं, कारण तिथं कुणी टीपच लिहिलेली नव्हती. मामांनी खुर्ची ओढली आणि एकेका पानासाठी आम्हाला एकेकाला बोलवायला सुरुवात केली. प्रश्न एकच. "हा काय करतो?" आमच्यातला एकजण म्हणाला, "डेटा प्रोसेस करतो." मामा म्हणाले, "पोरा, मी बी सकाळपासनं तेच करतोय. हा काय करतो?" दुपारपर्यंत आम्हाला कळलं की आमच्यापैकी कुणालाच आपण काय करतो ते सांगता येत नाही. साहेब आधी केबिनच्या दारातून हसत होते. मग मामांनी त्यांनाही बोलावलं, कारण सगळ्यात जुना भाग त्यांनी लिहिला होता. त्यानंतर त्यांनी दार लावून घेतलं.

तीन आठवड्यांत तीनशेंतली बहुतेक पानं भरली. आधीच टीप असलेल्या शंभरांतलं एक मात्र अडलं. त्यावर टीप होती, पण अशी : '४७ ला अडवू नका. हे काढू नका.' एवढंच. केंद्रावर एक लिटरपेक्षा कमी दूध आलं तर यंत्र ते घेत नाही, असा डेअरीचा नियम होता. सत्तेचाळीस क्रमांकाच्या गवळ्यासाठी तेवढा नियम कुणीतरी हळूच बाजूला ठेवला होता.

साहेब म्हणाले, "काढून टाका. नव्या यंत्रात एकासाठी वेगळा नियम कशाला?"

मामा म्हणाले, "काढू नका असं लिवलंय."

"कोणी लिहिलंय? का लिहिलंय?"

"ते इचारू की. माणूस जित्ता हाय न्हवं?"

माणूस जिवंत होता. तो भाग लिहिणारा आमचा जुना सहकारी नोकरी सोडून तळेगाव ढमढेऱ्याला घरच्या शेतीत फ्लॉवर लावत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मामांना मोटरसायकलवर मागं बसवून तिकडं नेलं. छापलेली पानं त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरली होती. तो आम्हाला बांधावरच भेटला. पाणी चालू होतं, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मामांनी त्याच्या हातात त्याचीच पानं दिली. तो वाचायला लागला आणि त्याचा चेहरा पडत गेला.

"मामा, खरं सांगू का," तो म्हणाला. "ह्यातल्या निम्म्या टिपा मी दुसऱ्या फाईलीतनं उचलून चिकटवल्यात. घाईत व्हतो. त्या हितल्या न्हाईतच."

मामांनी पानं परत हातात घेतली. आयुष्यभर ज्या माणसानं लिहिलेलं ते खरं असं धरलं, त्याच्यासमोर फ्लॉवरच्या वाफ्यात उभा राहून एकजण सांगत होता की लिहिलेलं खोटं आहे. मला वाटलं आता मामा त्याला लाल शाईनं काहीतरी करतील. त्यांनी फक्त विचारलं, "आन् ही सत्तेचाळीसची?"

"ती खरी हाय," तो पटकन म्हणाला. मग हात पॅंटला पुसून बांधावर बसला. "खुटबावच्या सेंटरला यंत्र बसवाया गेलो व्हतो. पहिलाच दिस. येक म्हातारी आली, किटलीत आर्धा लिटर दूध. येकच गाय, ती बी आटत आलेली. यंत्र दूध घेईना. सेंटरवाला म्हणला, आजे, ऱ्हाऊ दे, घरी चहाला वापर. तशी ती म्हणली, मी काय भीक मागाया आलेय का, दूध घालाया आलेय. आन् तिथंच हुबी ऱ्हायली. मागं लाईन लागली. मला काय सुचंना. मांडीवर लॅपटॉप घेतला, तिच्या नंबराला मोकळीक दिली, यंत्रानं चिठ्ठी काढली. तिनं ती चिठ्ठी वाचली न्हाई, नुसती घडी करून कनवटीला लावली. पुन्हा काढाया जीव झाला न्हाई. कुणाला सांगितलं बी न्हाई, साहेब रागावत्याल म्हणून."

परतताना मामांनी ती पानं पुन्हा पिशवीत घालून छातीशी धरली होती. न्हावऱ्याला आल्यावर मी शिरूरकडं वळणार तेवढ्यात मागून माझ्या खांद्यावर हात पडला. "खुटबाव," मामा म्हणाले. मी म्हटलं, मामा, तीस-पस्तीस किलोमीटर आहे, ऑफिसात वाट बघतायत. मामा म्हणाले, "पान आर्धं हाय."

खुटबावच्या केंद्रावर संध्याकाळचं दूध यायला लागलं होतं. आम्ही सत्तेचाळीस नंबरची चौकशी केली तर एक बाई मोटरसायकलवरून चाळीस लिटरचं कॅन उतरवत होत्या, त्याच पुढं आल्या. त्या म्हातारीच्या सूनबाई. म्हातारी चार वर्षांपूर्वी वारली होती. आता घरी अकरा गाई होत्या आणि मुलगा हिरव्या चाऱ्याचा मुरघास करायचं मशीन घ्यायचं म्हणत होता. मामांनी सगळी हकिकत सांगितली. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "व्हय का? आम्हाला म्हणायच्या, मशीन मला वळखतं. आम्ही हसायचो त्यांना." आणि पदरानं तोंड पुसून, सांगायचं राहून गेल्यासारखं म्हणाल्या, "नंबर बदलू नका बरं का, मामा. सासूबाईंचा हाय."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा पुसून मामांनी ते पान पूर्ण केलं. आधी हकिकत, मग निकाल : 'सदर सवलतीची आता गरज उरलेली नाही. तरी काढू नये, असे माझे मत आहे.' शिवाय सगळ्या चारशे पानांच्या तळाशी त्यांनी एक नवी ओळ घालून घेतली, 'टीप खरी आहे का, हे कोणी पाहिले?' आणि प्रत्येक पानावर आमच्यापैकी एकाला नाव टाकायला लावलं. फसवी निघालेली पानं आम्ही पुन्हा लिहिली. नवा प्रोग्रॅम मुदतीच्या चार दिवस आधी यंत्रांवर गेला आणि पहिल्या सकाळी बत्तीस केंद्रांवर दूध बिनबोभाट मोजलं गेलं. डेअरी राहिली, ऑफिस राहिलं. सत्तेचाळीसची ओळ मी ठेवली. साहेबांना मुद्दाम सांगितलं नाही. पानावर सगळं लिहिलंय, वाचलं असेल तर त्यांना माहीत असेल. साहेबांनी मामांना शाल द्यायचं ठरवलं तेव्हा मामा म्हणाले, "शाल नगं. तेवढी खालची पाटी बदला. 'सोल्युशन'चा 'ल्यु' दीर्घ लिवलाय." पाटी बदलली.

मागच्या वर्षी मामींचे गुडघे फारच दुखायला लागले आणि नागपूरच्या मुलीनं दोघांना तिकडंच बोलावून घेतलं. मी दौंडला त्यांना गाडीत बसवायला गेलो. सामानात दोन पेट्या होत्या, त्यातली एक कागदांची. मला पुष्कळ काही बोलायचं होतं, पण जावयानं मामेसासऱ्यांशी काय बोलावं याची आमच्याकडं रीत नाही. मामा खिडकीशी बसले, बाटलीतलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "जुळणीत एक पान तुमच्यासाठी ठेवलंय. सवडीनं बघा." गाडी हलली. मामींनी हात केला. मामा पलीकडच्या फलाटाकडं बघत होते; सहज, का मुद्दाम, कळलं नाही.

घरी आल्यावर दुपारी मी जुळणी उघडली. पुष्कळ शोधल्यावर ते पान सापडलं. माझ्याच एका जुन्या भागाचं होतं, सहा वर्षांपूर्वीचं. इतके दिवस सगळ्यांच्या पानांवर नावं टाकत फिरताना मी ते सोयीस्करपणे चुकवलं होतं. मथळ्याखाली मामांनी लिहिलं होतं, 'या भागाच्या लेखकाने काहीही सांगितलेले नाही. लेखक हयात आहे, शिरूरला राहतो, स्वभावाने भिडस्त आहे. त्याला वेळेत विचारावे.'

मी तो भाग उघडून बसलो. सुरुवातीला काही आठवेना. मग थोडं थोडं आठवत गेलं. तो लिहिला त्या आठवड्यात आमची आता शाळेत जाणारी मुलगी झाली होती, दिवस भरायच्या फार आधी, आणि तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून, हाताला काहीतरी काम असावं म्हणून मी ते लिहीत होतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

मी मामांना फोन लावला. मामींनी उचलला.

"आत्ताच डोळा लागलाय त्यांचा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मागं गाडीची धडधड ऐकू येत होती. "नगर गेलं आन् झोपले. उठवू का?"

"नको मामी," मी म्हटलं. "झोपू द्या. सांगेन सावकाश."